ढोल-ताशा, गिग आणि फाटणारा आवाज: स्वस्तातला रेकॉर्डर कसा निवडायचा?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘काय म्हणतात ते’ काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त आलेला मेसेज साधारण असा असतो: “दादा, आमच्या पथकाचं रेकॉर्डिंग करायचंय. मोबाइलवर आवाज फाटतो. दहा-बारा हजारांत कुठला रेकॉर्डर घेऊ?” पथकाच्या जागी कधी कॉलेजचा रॉक बँड असतो, कधी बेंजो पार्टी, कधी गावातला ब्रास बँड. प्रश्न मात्र एकच. समोर प्रचंड आवाज आहे, खिशात मोजके पैसे आहेत, आणि जे वाजणार आहे ते परत तसंच वाजणार नाहीये.

आधीच सांगून टाकतो. मी साउंड इंजिनियर नाही. दिवसा कोड लिहितो, आणि पावसाळा लागला की पथकात ढोल वाजवतो. कुठल्याही वस्तूचं स्पेसिफिकेशनचं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे, तेवढंच माझं भांडवल. आणि आज ज्या वस्तूंची नावं घेणार आहे त्यांतली एकही कुणी मला फुकट पाठवलेली नाही.

ज्यांना पूर्ण ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी उत्तर आत्ताच देतो. मोठ्या आवाजासाठी रेकॉर्डर घेताना खोक्यावर ठळक छापलेले आकडे सोडा. स्पेसिफिकेशनच्या तळाशी ‘मॅक्झिमम साउंड प्रेशर लेव्हल’ किंवा ‘मॅक्स एसपीएल’ नावाची एक बारीक ओळ असते, ती बघा. आणि तो आकडा कमी पडत असेल, तर आणखी पैसे मोजायच्या आधी चार पावलं मागे जाऊन बघा. बाकी सगळं म्हणजे याच दोन वाक्यांचा विस्तार.

मोबाइल नेमका कुठे कमी पडतो?

मोबाइलचा माइक वाईट नसतो. पण तो तुमचं बोलणं समोरच्याला ऐकू जावं यासाठी बसवलेला असतो, आणि मागचं सॉफ्टवेअरही त्याच हिशोबाने लिहिलेलं असतं. आवाज वाढला की ते लेव्हल आपोआप खाली ओढतं, शांतता झाली की वर ओढतं. सलग येणारा गोंगाट ‘नको असलेला’ समजून दाबून टाकतं. आता विचार करा, पन्नास ढोलांचा सलग घुमारा त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला काय वाटणार? पंखा किंवा ट्रॅफिकच वाटणार.

म्हणून मोबाइलवर पथकाचं रेकॉर्डिंग ऐकलं की दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे ढोलाचं पोट गायब होतं, नुसतं टिपरूचं ‘टप टप’ उरतं. दुसरी म्हणजे मोठा ठोका पडला की मागचं सगळं क्षणभर बुडतं आणि हळूहळू वर येतं. दम लागलेला माणूस श्वास घेतो तसं. आणि मग तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जातो, तिथे आणखी एकदा दाबला जातो.

तरीही रेकॉर्डर घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ नावाचं ॲप आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ऑडिओ सोर्स बदलता येतो, तिथे ‘अनप्रोसेस्ड’ निवडा. तुमच्या फोनला ते जमत असेल तर ही आपोआप होणारी ओढाताण बरीच कमी होते. असं एकदा सरावाला रेकॉर्ड करून बघा. तेवढ्यावर काम भागलं तर पुढचा एपिसोड ऐकायला या, दहा हजार वाचले.

आवाज किती मोठा, आणि कुणाच्या मापाने?

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे.

डेसिबल ही सरळ रेषेत वाढणारी पट्टी नाही. ६ डेसिबल वाढले की हवेचा दाब साधारण दुप्पट होतो, २० वाढले की दहापट. म्हणजे १०० डेसिबलच्या जागेवरून १२० डेसिबलच्या जागेवर गेलात, तर माइकच्या पडद्यावर दहापट दाब पडतो. कानाला तो दहापट वाटत नाही, म्हणून आपण फसतो. माइक फसत नाही, तो फाटतो.

पुण्यात सीओईपीचे विद्यार्थी गेली अनेक वर्षं विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. सरासरी शंभर डेसिबलच्या आसपास निघते, कुठल्या वर्षी थोडी वर, कुठल्या वर्षी थोडी खाली. तुलनेसाठी सांगतो, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

पण इथे एक गोम आहे, आणि रेकॉर्डर घेणारे बरेच जण नेमके इथेच अडकतात. मीटरवर दिसणारा आकडा ही सरासरी असते. शिवाय बहुतेक मीटर माणसाच्या कानाच्या हिशोबाने मोजतात, म्हणजे खालचे, खर्जातले आवाज कमी धरतात. ढोलाचा सगळा जोर तर तिथेच! आणि ताशाची काडी पडते तो क्षण सरासरीत दिसतच नाही. तो काही हजारांश सेकंदांचा खेळ असतो. ताशा, स्नेअर, झांज असल्या वाद्यांत सरासरी आणि त्या क्षणिक टोकात १५ ते २० डेसिबलचा फरक सहज पडतो. म्हणजे मीटर १०३ दाखवत असेल तेव्हा माइकवर मधूनच १२० च्या पुढचे फटके बसत असतात.

हा १२० आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आवाज फाटतो म्हणजे काय होतं?

रेकॉर्डरमध्ये आवाजाचा प्रवास चार थांब्यांचा असतो. पहिला माइकचा पडदा. दुसरा, त्यामागचा छोटा ॲम्प्लिफायर. तिसरा, विजेच्या लाटेचे आकडे करणारा कन्व्हर्टर. आणि चौथा म्हणजे फाइल.

कोड लिहिणाऱ्यांना तिसरा थांबा लगेच कळेल. १६ बिटच्या फाइलमध्ये सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. लाट त्याच्या वर गेली तरी आकडा तिथेच अडकून बसतो. डोंगराचं शिखर कापून पठार करावं तशी ती लाट सपाट होते, आणि तेच आपल्याला खरखरीत, फाटलेलं ऐकू येतं. २४ बिटने हे छत उंच होत नाही. खालची जमीन खोल जाते, इतकंच. त्याचा फायदा असा की रेकॉर्डिंगची लेव्हल निवांत कमी ठेवता येते. नंतर आवाज वाढवला तरी खालून खरखर वर येत नाही.

पण फाटणं पहिल्या किंवा दुसऱ्या थांब्यावरच झालं असेल तर? तर पुढे कितीही भारी कन्व्हर्टर असू दे, तो फाटलेला आवाजच इमानदारीने नोंदवणार. आमच्या धंद्यात म्हणतात ना, कचरा आत, कचरा बाहेर. तेच.

[इथे एपिसोडमध्ये दोन क्लिप आहेत. दोन्ही एकाच ताशाच्या, एकाच रेकॉर्डरवर घेतलेल्या. पहिली एक मीटरवरून: काडी पडली की कागद फाडल्यासारखा आवाज येतो. दुसरी सहा मीटरवरून: प्रत्येक काडी वेगळी ऐकू येते. दुसऱ्या क्लिपचा आवाज नंतर वाढवलाय.]

ऐकलंत? पहिल्या क्लिपमध्ये स्क्रीनवरची लेव्हल लाल झालीच नव्हती. मीटर हिरवं होतं आणि आवाज फाटलेला होता. कारण फाटाफाट कन्व्हर्टरच्या आधीच झाली होती.

३२ बिट फ्लोट: खरं काय आणि जाहिरात काय?

सध्या प्रत्येक नव्या रेकॉर्डरच्या खोक्यावर हे मोठ्या अक्षरांत असतं. ‘लेव्हल लावायची गरज नाही’, ‘आता आवाज फाटणारच नाही’, वगैरे.

तंत्र खरं आहे आणि कामाचंही आहे. फ्लोट म्हणजे आकडा आणि त्याचा घातांक वेगवेगळा साठवायचा, त्यामुळे फाइलमधलं छत जवळजवळ नाहीसंच होतं. असे रेकॉर्डर सहसा दोन कन्व्हर्टर वापरतात, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी, आणि दोन्ही जोडून एक फाइल बनवतात. कार्यक्रम सुरू झाल्यावर लेव्हल हलवत बसावं लागत नाही. जो माणूस स्वतः वाजवणार आहे आणि रेकॉर्डरजवळ उभा राहू शकत नाही, त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

पण हा सगळा इलाज तिसऱ्या आणि चौथ्या थांब्याचा आहे. पहिल्या थांब्यावर, माइकच्या पडद्यापाशी, फ्लोटचं काही चालत नाही. उदाहरणच देतो. झूमचा एच१एसेन्शियल २०२४ मध्ये आला. ३२ बिट फ्लोट आहे, बटण दाबा आणि विसरा. आणि त्याच्या माइकची कमाल मर्यादा किती? १२० डेसिबल. आधीच्या एच१एनचीही १२० च होती. म्हणजे फाइल कितीही मोठा आवाज मावेल इतकी प्रशस्त झाली, पण दरवाजा तेवढाच राहिला.

म्हणून फ्लोट हवंच असेल तर जरूर घ्या. फक्त ताशापासून हातभर अंतरावर ठेवून ‘आता फाटणार नाही’ असं समजू नका.

मग घ्यायचा कुठला?

किमती दर सेलला बदलतात, म्हणून नेमका आकडा सांगत नाही. पहिल्या टप्प्यातले रेकॉर्डर आपल्याकडे साधारण दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे मिळतात.

पहिला, झूम एच१एसेन्शियल. मर्यादा १२०. दोन माइक एकमेकांना काटकोनात, समोरचा आवाज जास्त घेतात. ट्रिपल ए आकाराच्या दोन बॅटऱ्यांवर चालतो. तुम्ही प्रेक्षकांत असाल आणि लेव्हलच्या भानगडीत पडायचं नसेल तर हा.

दुसरा, टास्कॅम डीआर-०५एक्स. मर्यादा १२५. यात फ्लोट नाही, लेव्हल स्वतः लावावी लागते. माइक सगळ्या बाजूंचा आवाज सारखा घेतात. मोकळ्या मैदानात ही गोष्ट छान, खर्जही भरीव येतो. पण बंद हॉलमध्ये घुमणारा आवाज आणि शेजारी शिट्ट्या मारणारा पोरगा, दोघेही तितक्याच आपुलकीने रेकॉर्ड होतात. याचाच पुढचा अवतार डीआर-०५एक्सपी, त्यात फ्लोट आलंय. समोरच्या दिशेचे माइक हवे असतील तर याच घरातला डीआर-०७एक्स बघा. त्याचे माइक आत-बाहेर वळवता येतात.

दुसऱ्या टप्प्यात, साधारण दुप्पट पैशांत, झूम एच४एसेन्शियल येतो. मर्यादा १३०, फ्लोट आहे, आणि बाहेरचे दोन मोठे माइक किंवा मिक्सरची वायर लावायची सोय आहे. बँडसाठी घेत असाल आणि चौघांत वर्गणी काढणार असाल तर इथे उडी मारणं परवडतं.

आणि तिसरा रस्ता म्हणजे सेकंड हँड. झूम एच५ हे जुनं मॉडेल. ३२ बिट फ्लोट नाही, स्क्रीन जुनाट. पण त्याच्यासोबत येणाऱ्या माइकची मर्यादा १४० आहे. १२० च्या तुलनेत दहापट दाब सहन करतो. कुणी नवीन घेतल्यामुळे जुना विकत असेल तर तुमच्या पथकासाठी तो सोन्यासारखा. घेताना दोन्ही माइकवर बोलून बघा, गेनचे गोल खटके फिरवताना खरखर येते का बघा, आणि बॅटरीच्या कप्प्यात गंज नाही ना ते बघा.

एक सावधगिरीची गोष्ट. सगळ्या कंपन्या हे माप अगदी एकसारख्या पद्धतीने काढतात असं गृहीत धरू नका. १२० आणि १२५ मधल्या फरकावरून भांडत बसण्यात अर्थ नाही. १२० आणि १४० मध्ये मात्र आहे.

कॉलरला लावायचा शे-दोनशे रुपयांचा छोटा माइक रेकॉर्डरच्या मोठ्या आवाजावर उपाय म्हणून घेऊ नका. तो बोलण्यासाठी बनलेला असतो. रेकॉर्डरच्या जॅकमधून त्याला जेमतेम वीज मिळते, आणि मोठ्या आवाजात तो सगळ्यात आधी हात टेकतो.

जागा: फुकट मिळणारा सगळ्यात मोठा फायदा

मोकळ्या जागेत एका वाद्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर १२० असेल तर दोनवर ११४, चारवर १०८, आठवर १०२. म्हणजे दहा हजारांचा रेकॉर्डर सात पावलं मागे नेला की त्याला जवळजवळ १८ डेसिबलची मोकळीक मिळते. पैशांत ही मोकळीक घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होईल. पूर्ण पथक म्हणजे एक वाद्य नव्हे, ते पसरलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात उतार थोडा कमी मिळतो. तरी नियम तोच.

पथकासाठी माझं गणित असं: रिंगणाच्या बाहेर, सहा ते आठ मीटर, आणि डोक्यांच्या वर. उंची महत्त्वाची आहे, कारण ताशाचा कडक, वरचा आवाज माणसांच्या अंगात आणि कपड्यांत शोषला जातो. छातीच्या उंचीवर धरलात तर नुसता ढोल येईल. कॅमेऱ्याचा साधा ट्रायपॉड, किंवा काठीला मोबाइलचा क्लँप, काहीही चालेल. तोंड ताशाच्या रांगेकडे ठेवा. ढोल कुठूनही येतोच, त्याची काळजी करू नका.

गिगसाठी साउंडवाल्याच्या टेबलाजवळ. तो माणूस तिथे उभा राहून मिक्स करतोय, म्हणजे आवाज तिथेच सगळ्यात नीट जुळलेला असणार. स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहू नका. कोपऱ्यातही नको, तिथे खर्ज साचतो.

बँड तुमचाच असेल तर साउंडवाल्या दादांना चहा पाजा आणि मिक्सरमधून एक आउट मागा. पण नुसत्या त्यावर विसंबू नका. छोट्या जागेत ड्रम आणि गिटारचा ॲम्प मुळातच मोठा वाजतो, म्हणून मिक्सरमध्ये ते फार नसतात. त्या वायरमधून येतो गायकाचा भलामोठा आवाज आणि मागे पुसट बँड. मिक्सरची वायर एका रेकॉर्डरवर आणि हॉलचा आवाज दुसऱ्यावर घ्यायचा, नंतर दोन्ही मिसळायचे. सुरुवातीला एक जोरात टाळी वाजवून ठेवा, नंतर जुळवायला सोपं जातं. आणि मिक्सरमधून येणारा सिग्नल माइकपेक्षा कितीतरी जोरदार असतो. रेकॉर्डरवर इनपुट ‘लाइन’ला करता येत असेल तर करा, नाहीतर सिग्नल कमी करणारी वायर लावा.

सेटिंग: पटापट

फॉरमॅट वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. तासाला साधारण एक जीबी लागतो, ३२ बिट फ्लोटला साधारण १.४. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड तुम्हाला एका रात्रीत भरता येणार नाही. एमपी३ नको.

ऑटो लेव्हल बंद. हे विसरलात तर मोबाइलवरच रेकॉर्ड केल्यासारखं होईल.

लेव्हल स्वतः लावायची असेल तर सगळ्यात मोठ्या ठोक्याला मीटर उणे १२ च्या आसपास यावं. साउंड चेकला लावली असेल तर आणखी थोडी खाली ठेवा. कार्यक्रम रंगला की वाजवणारेही जोर करतात आणि साउंडवालेही.

लो कट हे वाऱ्याची घरघर काढायचं बटण. ढोलासाठी बंदच ठेवा. ढोलाचा घुमारा त्याच पट्ट्यात असतो, वाऱ्याबरोबर तोही कापला जातो. वाऱ्यासाठी माइकवर फोम किंवा केसाळ टोपी घाला. मिरवणुकीत तर ती हवीच, कारण गुलाल. तो माइकच्या जाळीत एकदा गेला की निघत नाही. पावसासाठी छत्री धरा, प्लास्टिकची पिशवी नको, तिचा चुरचुर आवाज येतो.

बॅटरी रिचार्जेबल असेल तर मेनूत तसं सांगा, नाहीतर किती उरलीय याचा अंदाज चुकतो. आणि कार्ड नवीन घेतलं की लॅपटॉपवर पूर्ण भरून, परत वाचून तपासा. नकली कार्डं ६४ लिहिलेली असतात आणि ८ ला दम तोडतात. हे तपासायला फुकट प्रोग्राम मिळतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

बरेच जण विचारतील, इन्स्टाला टाकायला मोबाइल पुरतो की! पुरतो. मी तुम्हाला आमच्या पथकातल्या काकांबद्दल सांगतो.

काका पन्नाशीच्या पुढचे. मी कॉलेजात असताना पथकात आलो तेव्हापासून ताशा तेच शिकवतात. त्यांची तर्री, म्हणजे ती दोन काड्यांची सलग बरसात, इतकी बारीक आणि सम असते की धरण सुटल्यासारखी वाटते. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या मनगटाने त्रास द्यायला सुरुवात केलीय. दहा मिनिटं वाजवतात, मग बसतात. त्यांच्याकडे शिकायला आलेली पोरं विचारतात, काका, ते मधे काय केलंत? काका म्हणतात, “ऐक ना, परत वाजवतो.” आणि हल्ली परत वाजवणं जमत नाही.

हे कुठे लिहिलेलं नाही. ढोलाचे ठेके बोलून दाखवता येतात, तर्री बोलून दाखवता येत नाही. आणि पथकाच्या ग्रुपवर काकांचे शंभरेक व्हिडिओ आहेत. एकातही ताशा ऐकू येत नाही. पत्र्यावर गारा पडल्यासारखा एक सलग खडखडाट, बास.

यंदा जुलैत नदीकाठी सराव सुरू झाला तेव्हा एका मित्राचा रेकॉर्डर मागून आणला. मिरवणूक नाही, गर्दी नाही. काकांना एकट्याला उभं केलं, सहा मीटरवर, काठीवर रेकॉर्डर. तीन वेळा पाच-पाच मिनिटं. मधे चहा.

ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर अर्ध्या वेगाने लावलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या ताशेवालीने पाचव्या सेकंदाला थांबवायला सांगितलं. म्हणाली, “डावा हात आधी येतोय. आम्ही सगळे उलटं वाजवतोय.” काकांना विचारलं तर ते म्हणाले, असेल बाबा, मी कधी बघितलं नाही. तीस वर्षं वाजवणाऱ्या माणसालाही शब्दांत न सांगता येणारी गोष्ट त्या पंधरा मिनिटांत होती. आता पोरं ती फाइल कानाला लावून मांडीवर काड्या आपटत बसतात.

फाटलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे कधीच सापडलं नसतं. लाट सपाट झाली की डावा कुठला आणि उजवा कुठला हे त्यातून कायमचं पुसलं जातं. कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. अंदाजाने भरतं, एवढंच. म्हणून मी मॅक्स एसपीएलच्या मागे लागलोय.

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. संबळ वाजवणारे, हलगीवाले, बँडमधले ट्रम्पेटवाले मामा. त्यांचं मिरवणुकीतलं नको, सरावातलं घ्या. एकट्याचं घ्या. आणि घेतल्यावर त्यांना ऐकवा.

विचारा, आणि कान सांभाळा

तिकिटाच्या कार्यक्रमांत रेकॉर्डर आत न्यायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, तिकिटाच्या अटी वाचा. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्याचा स्वतःचा वेगळा हक्क आहे. स्वतःपुरतं ऐकायला रेकॉर्ड करण्याला त्यात सूट आहे, पण यूट्यूबवर चढवणं ही वेगळी गोष्ट झाली. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाच्या बँडने तर १९८४ मध्ये रेकॉर्ड करणाऱ्या चाहत्यांसाठी कार्यक्रमात वेगळी जागाच राखून ठेवली होती. तेव्हा सरळ जाऊन विचारायला लाजू नका. छोटे बँड आणि पथकं सहसा खूशच होतात, एक प्रत मागतात. द्या.

आणि शेवटचं, कान. अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास ठीक, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशोबाने १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं! आपण पथकात तीन-चार तास असतो. रेकॉर्डर खराब झाला तर नवा येईल. कानातल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळतात, रेकॉर्डरच्या पिशवीत दोन जोड्या ठेवा. एक तुमची, एक शेजाऱ्याची.

तर असं आहे. पुढच्या भागात रेकॉर्डिंग घरी आणल्यावर काय करायचं ते बघू: आवाज कसा वाढवायचा, दोन फाइल कशा जुळवायच्या, सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये. तोपर्यंत तुम्ही काय रेकॉर्ड केलंत ते पाठवा. किती अंतरावरून, कुठल्या यंत्रावर, हे दोन शब्दांत लिहा. फाटलेलं असलं तरी चालेल, कुठे फाटलं ते आपण मिळून शोधू.

चला, भेटू. काळजी घ्या!